चिमणी बसली आहे, नंतर फोन करा

पोरांच्या हातातला फोन कसा सोडवायचा, ते मला विचारा! ज्यांच्यापुढे आईबापांनी हात टेकले, शाळेने कानाला खडा लावला, अशी पंधरा-सोळा वर्षांची कार्टी माझ्याकडे येतात. झाडं, पक्षी, थोडी माती आणि पुष्कळ शांतता! आमच्या संस्थेत मी 'निसर्गातून मनःशांती' हा वर्ग चालवतो, तो काही उगाच नाही.

संचालिकाबाईंना मात्र हे पटत नव्हतं.

"तुमची पोरं झाडाखाली बसून फोनच बघतात. ते घरीही जमतं," त्या म्हणाल्या. "पिल्लं अंड्यातून बाहेर येण्याचा हंगाम संपेपर्यंत फरक दाखवा. नाहीतर वर्ग बंद, आणि तुम्ही आवक-जावकच्या टेबलावर!"

आवक-जावक! ते टेबल जिन्याखाली आहे. तिथून पालीसुद्धा कंटाळून निघून गेल्या आहेत.

"बाई, बघाच तुम्ही!" मी छाती फुगवून म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, फोन जमा! पोरं थयथयाट करतील असं वाटलं होतं. छे! प्रत्येकाने आपापला फोन कापडी पिशवीत गुंडाळून, नाडी आवळून, मुकाट्याने माझ्या हातात ठेवला. झिपरी (केस सदैव डोळ्यांवर, म्हणून झिपरी) तर विचारते, "सर, तुमचापण ना?"

"म्हणजे काय! गुरू आधी, चेले मागून!"

ठेवायचे कुठे? आमच्या कपाटाला कुलूप लागत नाही. पण आवारातल्या झाडावर पोरांनीच बनवलेली घरट्याची पेटी होती. चिमणीसाठी करा म्हटलं होतं. मापं चुकली आणि बदकाचं एकत्र कुटुंब राहील एवढी झाली. भोक तेवढं मापात होतं. मी शिडी लावली, सगळ्या पिशव्या आत रचल्या, वर माझा फोन ठेवला, दाराला कडी घातली आणि शिडी काढून घेतली. आहे की नाही डोकं!

तेवढ्यात बाईंनी बोलावलं. तासभर बढाया मारून परत येतो, तर पोरं झाडाखाली माना वर करून उभी.

"सर, चिमणी आत गेली!" लंबू कुजबुजला. "चोचीत काडी होती!"

"बरं बरं, शिडी आण."

झिपरी आडवी आली. "सर, काडी आत गेली की पेटी उघडायची नाही. पिल्लं उडेपर्यंत! तुम्हीच शपथ घ्यायला लावली होती."

लावली होती खरी. हात वर करून, मोठ्या आवाजात.

"अगं, पण फोन..."

"चिमणीपेक्षा फोन मोठा का, सर?" लंबू म्हणाला. बाकीच्यांनी झाडाभोवती कडं केलं. वर खिडकीत बाई उभ्या!

"शाब्बास!" मी ओरडलो. "परीक्षाच घेत होतो तुमची!"

घरी बायको दारातच उभी होती. "अहो, दुपारपासून फोन करतेय! उचलत का नाही?"

"त्यावर चिमणी बसली आहे."

तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, मग स्वतःच्या. "मग नवीन घ्या."

"कसा घेऊ? पोरं बिनफोनची राहणार आणि गुरू दुकानात जाणार?"

"आणि त्यांच्या आया गप्प आहेत?"

"एकीचीही तक्रार नाही! याला म्हणतात निसर्गाचा परिणाम!"

"हं," बायको म्हणाली. त्या 'हं'कडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

पुढचे दिवस काय सांगू! सुरुवातीला माझा फोन पेटीत वाजायचा आणि चिमणी भोकातून डोकं काढून, 'अहो, तुमचा आहे' अशा नजरेने माझ्याकडे बघायची. मग तोही गप्प झाला. मी झोपेत उशी चाचपायचो. दिवसा झाडाभोवती घिरट्या घालायचो, बुंध्याला कान लावून उभा राहायचो. पोरं मात्र मजेत! शाळेआधी येऊन पेटीखाली बसायची, मांजराला हुसकायची. आमची मौनी तर आल्यापासून कुणाशी अक्षर बोलली नव्हती. ती एके सकाळी धावत आली आणि म्हणाली, "सर, पिल्लं! आवाज येतोय!" मी तसाच तिच्यामागे झाडाकडे धावलो.

"बाई, एकानेही फोन मागितला नाही!" मी रोज सांगायचो. बाईसुद्धा चकित झाल्या. शेवटचं पिल्लू उडालं, तशी त्यांनी पालकांना बोलावून समारंभच ठेवला.

मी भाषण ठोकलं. शिडीवर चढून कडी काढली. पहिली पिशवी सोडली, आत टीव्हीचा रिमोट! दुसरीत साबणाची वडी! तिसरीत फळीचा तुकडा, कडा छान घासलेला, पेटीच्याच उरलेल्या लाकडाचा. खरा फोन एकच. घरट्याखालचा, पिल्लांनी मनसोक्त शिटलेला. माझा!

"हे काय?" बाई आणि मी एकदमच ओरडलो.

"सर, जमा करायचा फोन वेगळा असतो," झिपरी समजुतीच्या सुरात म्हणाली. "शाळेत, क्लासला, सगळीकडे लागतो. तुम्ही खरा ठेवलात म्हणून आम्हाला वाईट वाटलं. पण शपथ होती ना!"

माझ्या डोळ्यांपुढे जिन्याखालचं टेबल उभं राहिलं. तेवढ्यात मौनी पुढे झाली आणि तिने आपला फोन बाईंच्या हातात दिला. त्यात सगळ्याचा व्हिडिओ होता. पहिली काडी, चोचीतली अळी, पळणारं मांजर, आणि उडू की नको करत भोकात बसलेलं शेवटचं पिल्लू. मौनीची आई पदराने डोळे पुसायला लागली, कारण मागे मौनीचा आवाज होता. "उड ना रे, आम्ही आहोत खाली!"

"फोन काही सुटला नाही," बाई हळूच म्हणाल्या, "पण माना वर झाल्या. वर्ग चालू राहील."

मी आभार मानणार, तोच पुढचा तुकडा सुरू झाला. झाडाभोवती घिरट्या घालून बुंध्याला कान लावणारा एक इसम! मागून लंबूचा गंभीर आवाज: "हा मोठा नर. घरटं त्याचं नाही. तरी हलत नाही."

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "मनःशांतीची खरी गरज कुणाला आहे ते कळलं. पुढच्या वर्गाला तुम्हीही विद्यार्थ्यांत बसा. फोन जमा करून!"

बसलो. फोनही जमा केला. सकाळी निघताना बायकोनेच पिशवीची नाडी आवळून दिली होती. साबण चंदनाचा आहे.