घर निघालं खंडाळ्याला

पोलीस शिपाई भाऊसो भरदुपारी औंधच्या घरी आला, तेव्हा विजयमाला पाळण्याला दोरी बांधत होती. रविवारी बाळाचं बारसं.

"मिळाली रजा?"

"रजेपरास ब्येस! आणीबाणीनं तुरुंग भरल्यात, म्हणून सायबांनी आकाराम धनगराला घरीच नजरकैद दिली. महिनाभर त्यानं घराबाहेर पडायचं न्हाई, मी दारात बसायचं. घर हितं, माळावर."

आकारामनं बाजारात एका दलालाचं डोकं फोडलं होतं. त्या डोक्यापेक्षा विजयमालेला माळाची काळजी वाटली. "अहो, तो तर मेंढरांचा तळ. उद्या पुढं गेला म्हणजे?"

"तू बाळाकडं बघ."

सकाळी भाऊसो माळावर पोचला, तर आकारामची बायको हरणाबाई त्यांचं राहतं कापडी पाल उपसून घोड्यावर लादत होती.

"बाई, ह्ये काय?"

"चारा सपला. खंडाळ्याकडं निघालो."

"आन् कैदी?"

"घरातच हाय की!"

खरंच. घोड्यावरून लोंबणाऱ्या पालाचं टोक डोक्यावर ओढून आकाराम चालायला तयार होता. "म्या घर सोडलं न्हाई, दादा. घरच चाललंय."

भाऊसो धावत साहेबांकडे गेला. साहेबांनी हुकूम उलटून पाहिला. घरानं जागेवर राहावं असं त्यात कुठंच नव्हतं. ते वैतागले. "तुला दारात राहायला सांगितलंय ना? दार जाईल तिकडं जा!"

दार गेलं. रविवारही गेला. बारसं राहिलं. शेवटी विजयमाला बाळाला घेऊन एसटीनं निघाली. खंडाळ्याच्या अलीकडे, वर्दीवर घोंगडं टाकलेला नवरा मेंढरं वळताना दिसला. आकाराम पालात घोरत होता.

"अहो, कैदी कोण नक्की?"

"मलाबी कळंना झालंय. त्यो पालाभाईर आला तर माझी नोकरी जाती. आन् त्यो आत बसल्यावर मेंढरं कोण वळणार? बाळ दे आधी!"

त्यानं बाळाला घेतलं, तेवढ्यात मेंढरं तिथले बडे बागायतदार लालासाहेब यांच्या हरभऱ्यात शिरली. लालासाहेबांनी वर्दीचा मुलाहिजा न ठेवता त्याला साहेबांपुढे उभं केलं.

"तू घरी बस महिनाभर!" साहेब कडाडले. "उंबऱ्याबाहेर दिसलास तर याद राख! पण तुझ्या पहाऱ्याला आता माणूस कुठून आणू?"

मागोमाग आलेल्या विजयमालेनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी आहे की, साहेब."

घरी पोचताच तिनं दाराला आतून कडी घातली आणि बारशाच्या घुगऱ्या भिजत टाकल्या.