चाळीस ग्रॅम कमी

सगळं रामायण चाळीस ग्रॅमवरून घडलं. गल्लीच्या टोकाला एक खेळणीवाल्या बाई होत्या. जुन्या प्लॅस्टिकचा चुरा करायचा, तो वितळवायचा आणि त्यातून खेळणी घडवायची, हा त्यांचा उद्योग. एक किलो प्लॅस्टिक आणा, एक हत्ती घेऊन जा, असा रोखठोक व्यवहार. जावईबापूंनी (नोकरीने रेकॉर्ड क्लार्क, स्वभावाने उत्साही, म्हणजे घराला धोकादायक) लेकीसाठी हत्ती आणायचं ठरवलं. बाटल्या, झाकणं, मोडका मग असं सगळं गोळा करून त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. भरलं नऊशे साठ ग्रॅम.

न्हाणीघरातल्या फळीवर एक निळी डबी होती. उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं. पण वजन ते वजन. डबी पिशवीत गेली आणि तासाभरात हत्ती घरी आला.

"बाबा, याला दातच नाहीत," लेक म्हणाली.

"पर्यावरणपूरक हत्ती आहे, बाळा. कोणी चोरू नयेत म्हणून दिलेच नाहीत."

दुपारी दोनला सासरे न्हाणीघरातून बाहेर आले. निवृत्त हेडमास्तर, चार दिवस लेकीकडे राहायला आलेले. पाच वाजता जुने विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार होते आणि त्यांनी भाषण महिनाभर घोकलं होतं.

"माझे थात कुथे गेले?" सासरे म्हणाले.

जावईबापूंच्या डोळ्यांपुढे ती खुळखुळणारी डबी उभी राहिली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली की बायकोला पुरावा लागत नाही.

"काय केलंत?"

"आलोच," म्हणत जावईबापू चपला न घालताच सुटले.

बाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र खडखडत होतं. खाली निळ्या चुऱ्याचा ढीग पडला होता.

"बाई, माझी निळी डबी?"

"ती काय," बाईंनी ढिगाकडे बोट दाखवलं.

जावईबापू मटकन खाली बसले. अकरा वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द निघाला नव्हता. आता तर कोणताच शब्द धड निघणार नव्हता.

"अहो, डब्या उघडून बघितल्याशिवाय आम्ही दळत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाचा खण ओढला. "आत निघतं ते सगळं इथे असतं."

खणात किल्ल्या होत्या, बटणं होती, कवळी घासायचा एक छोटासा ब्रश होता आणि धुऊन-पुसून ठेवलेल्या तीन कवळ्या होत्या.

"यातली तुमची कुठली?"

जावईबापूंना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की सासऱ्यांसमोर त्यांची मान कायम खालीच असते, त्यामुळे ते दात त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते. अखेर त्यांनी एकेका कवळीकडे बघत, ती "जावईबापू, जरा अक्कल वापरा" असं म्हणतेय अशी कल्पना केली. तिसऱ्या कवळीला मान आपोआप खाली गेली. त्यांनी तीच उचलली.

कवळी बसली, आणि झकास बसली. भाषण सव्वा तास चाललं (विद्यार्थी पंधरा मिनिटांच्या तयारीने आले होते). परतताना सासरे म्हणाले, "कवळी इतकी घट्ट कधीच बसली नव्हती. दुरुस्त करून आणलीत होय? शहाणे आहात."

अकरा वर्षांतला हा पहिला चांगला शब्द. जावईबापू तरंगतच जिना चढले.

दार लेकीने उघडलं. तिच्या काखेत हत्ती होता आणि तो वरच्या-खालच्या सगळ्या दातांनी हसत होता.

"आजोबांचे दात ग्लासात नुसतेच भिजत पडले होते," ती म्हणाली. "याला बसवले."

सासऱ्यांचा हात सावकाश स्वतःच्या तोंडाकडे गेला. त्यांनी हत्तीकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

"त्याला ते राहू द्या," सासरे शेवटी म्हणाले. "मला हे बरे बसतात."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसू आवरेना.

"तुम्ही दात काढू नका," सासरे म्हणाले. "उद्या सकाळी जाऊन ही कवळी कोणाची ते शोधा. त्याने परत मागितली, तर तुमचे द्या."