संपूर्ण आराम

गोमाजी सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि तरीही चालत होते, ही मूळ अडचण होती.

१९७९ च्या जुलैत, भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, तोंडावर असताना त्यांच्या छातीत कफ दाटला, अंग तापलं. बांधीच्या धुऱ्यावर, भातखाचराच्या कडेला, उभं राहून रोवणा पाहिल्याशिवाय त्यांचं एकही साल गेलं नव्हतं. तेव्हा लवकर बरं व्हावं म्हणून तेच म्हणाले, "दवाखान्यात चाल." मुलगा पुंडलिक त्यांना लाखांदूरहून एसटीनं घेऊन निघाला. गोमाजी एसटीत स्वतः चढले, स्वतः उतरले आणि जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत स्वतः उभे राहिले. तिथंच चुकलं.

"पेशंट कुठं हाये?" खिडकीतल्या धनीराम बाबूंनी विचारलं.

"मीच."

बाबूंनी फॉर्म वरखाली पाहिला. "'पेशंट कसा आणला' या रकान्यात स्ट्रेचर, बैलबंडी अन् खांद्यावर, एवढंच हाये. पायी नाही."

"मंग?"

"मंग झोपा स्ट्रेचरवर."

गोमाजी झोपले. असे नियमाप्रमाणे आजारी झाल्यावर त्यांना खाट मिळाली.

डॉक्टरांनी निमोनियाचं निदान केलं, पेनिसिलिन लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'संपूर्ण आराम'. त्यांच्या मनात दोन दिवसच होते. पण ते कागदावर लिहायचे राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली. शेरा ज्यानं मारला त्यानंच तो काढायचा असतो. नवे डॉक्टर सज्जन होते, दुसऱ्याच्या शेऱ्याला हात लावत नसत.

पाचव्या दिवशी ताप उतरला. गोमाजींना भूक लागली, अंगात हुशारी आली, आणि ते उठून बाहेर निघाले.

"बाबाजी! कुठं चालले?" सत्यभामाबाई सिस्टर ओरडल्या. "राउंडले खाटेवर पेशंट दिसला नाही, त मले 'फरार' लिहा लागते!"

"लघवीले जाऊन राहिलो, बाई."

"त्याच्यासाठी भांडं हाये."

सत्त्याऐंशी वर्षांत गोमाजींना कोणी फरार म्हटलं नव्हतं. ते परत फिरले. शरम वाटली, रागही आला. तेव्हापासून पुंडलिक खाटेच्या पायथ्याशी ठाण मांडून बसला. बापानं पाय खाली सोडला की तो उचलून वर ठेवी. त्याची पितृभक्ती पाहून वॉर्डातल्या इतर म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत.

चौदाव्या दिवशी छाती स्वच्छ झाली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "आता चालत घरी जा." गोमाजी खाटेवरून उतरले आणि मटकन खाली बसले.

"साहेब, पाय उचलूनच नाही राहिले," पुंडलिक घाबरून म्हणाला.

"हा छातीचा केसपेपर आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पायांसाठी वेगळा काढा. मात्र पेशंटनं स्वतः रांगेत उभं राहायचं."

डिस्चार्ज कार्डावर 'निष्पत्ती' असा रकाना होता. धनीराम बाबूंनी केसपेपर चाळून त्यातला शेरा तिथं उतरवला, 'संपूर्ण आराम'. झाडीपट्टीच्या बोलीत 'आराम पडला' म्हणजे दुखणं गेलं. ज्या शब्दानं म्हातारा खाटेला खिळला, त्याच शब्दानं तो कागदावर ठणठणीत बरा झाला.

घरी सून धुरपता एकटीच म्हणाली, "मामाजीले रोज दोन पावलं चालवू. मी धरतो न."

गाव तिच्यावर चिडलं. "म्हाताऱ्याले आता रोवण्यावर धाडतं काय वो?" पुंडलिकनं कार्डावरचं 'संपूर्ण आराम' दाखवलं; घरी त्याचा अर्थ पुन्हा पडून राहणं झाला. सरकारी शिक्क्यापुढं सुनेचं काय चालणार?

रोवणा सुरू झाला. बायांची गाणी गोमाजींच्या खाटेपर्यंत ऐकू येत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढं ते हात करत. "उठव रे मले. धुऱ्यावर घडीभर उभा राहतो." येणारा म्हणे, "पडून राहा, बाबाजी."

पोळ्याच्या आधीच ते गेले. दवाखान्याच्या वार्षिक अहवालात ते 'बरे झालेले रुग्ण' आहेत. तेरवीला पुंडलिकचं फार कौतुक झालं. "पोरानं बापाचा पाय शेवटवरी जमिनीले लागू नाही देला!"

आपण दवाखान्याला हसलात, ते ठीकच. पण त्या दिवसांत आपण भेटायला गेला असता आणि गोमाजींनी हात पुढं केला असता, तर आपणही तो प्रेमानं हाती घेतला असता, थोपटला असता, आणि परत गोधडीखाली घातला असता.