काडतुसांना कल्हई

सात महिने अर्ज घातले, तेव्हा कुठं हरिसिंगची वीस नवी कोरी पितळी काडतुसं धनजजवळच्या तांड्यावर येऊन पोचली. रिकामी. भरायची घरीच. एका गोऱ्या साहेबाच्या शिकारीत दहा वर्षं हाकारे घालून त्यानं ही विद्या कमावली होती. साहेब विलायतेला जाताना रायफल देऊन गेला आणि आपली मिजासही इथंच टाकून गेला. दोन्ही हरिसिंगनं उचलली.

ज्वारी हुरड्यावर आली होती. रानडुकरांनी धुऱ्याकडच्या, शेताच्या बांधालगतच्या, ओळीच्या ओळी लोळवल्या होत्या. त्यात मंगळवारी बंदुकीचे परवाने तपासायला तालुक्याचा साहेब येणार. बंदूक चालू दिसली तर परवाना पुढं. नाहीतर बंदूक ठाण्यात जमा आणि ज्वारी डुकरांच्या पोटात जमा.

दोन दिवस हरिसिंग अंगणात बसून एकेक काडतूस तयार करत होता. नवं पितळ म्हणून डोळे मिटून भरायचं नसतं. वाटेत तोंडं चेपलेली असतात, काठाला खरखर असते. तो लाकडी खुंटीनं तोंड गोल करी, कानशीनं काठ घासी, उन्हात धरून आत बघे. त्याची बायको गोमतीबाई भाकरी घेऊन आली.

"हे इतकुसं भांडं कायच्यासाठी हो?"

"तुले नाही समजाचं."

"सांगान तं समजन."

"शस्त्राची गोष्ट हाये. बाईमाणसाचं काम नाही."

ज्याला स्वतःचं धोतर सापडत नाही, तो हे बोलत होता. आणि बोलता बोलता तिच्याच हातची भाकरी मोडत होता.

सोमवारी सकाळी बंदुकीची दारू आणायला तो कारंज्याला निघाला. जाता जाता त्यानं हुकूम सोडला, "काडतुसं चिंचेनं धुऊन वाळव. आन् नव्या पितळात भरायच्या आधी जे जे करा लागते, ते समदं करून ठेव."

"काय काय करा लागते?"

"साऱ्या दुनियेले ठाऊक हाये!"

साऱ्या दुनियेला ठाऊक होतंच. नव्या पितळात बिनकल्हईचं ताक ठेवलं तर कळकतं. आणि त्याच सकाळी रहमतुल्ला कल्हईवाल्यानं तांड्याच्या लिंबाखाली भाता मांडला होता.

दुपारच्या मोटारीनं हरिसिंग परतला, तेव्हा लिंबाखाली भांड्यांची रांग होती आणि रांगेच्या पुढं वीस काडतुसं चांदीसारखी लखलखत होती.

"चाचा, हे काय केलं?"

"आतून-बाहेरून केली, भाई," रहमतुल्ला घाम पुसत म्हणाला. "पर माल खराब दिला तुले दुकानदारानं. पानी भरून पाह्यलं, वीसच्या वीस बुडाशी गळत होती. कथलानं भोकं बुजवून टाकली. आता थेंब नाही टपकणार."

हरिसिंगनं एक काडतूस उलटं करून बुड पाहिलं. घोडा दाबला की त्याच भोकातून ठिणगी आत दारूकडं जाते. भोक बुजलं की काडतूस म्हणजे नुसती लोटी.

"भाऊ, यात चहा पेता येईन का?" शेजारच्या खेमानं विचारलं.

तरी एक बसतं का बघावं म्हणून हरिसिंगनं काडतूस रायफलीत रेटलं. कथलाच्या थरानं ते निम्मं गेलं आणि रुतलं. खेमानं दस्ता धरला, रहमतुल्लानं सांडशीनं ओढलं. सांडशी वाकली, काडतूस हललं नाही.

"काहून केलं व तू हे?" हरिसिंग बायकोवर ओरडला.

"साऱ्या दुनियेले ठाऊक हाये म्हणे. मले जे ठाऊक होतं, ते केलं. दुसरं काही होतं तं सांगाचं होतं."



मंगळवारी साहेब आला. शेजारच्या तांड्याचा किसनसिंगही बंदूक घेऊन हजर होता. त्याची काडतुसं वापरून काळी पडलेली. साहेबाची उमर कागदांत गेली होती. बंदुकीचं कोणतं टोक कुठं धरतात, हेही त्याला कोणीतरी सांगावं लागलं असतं, पण सांगणार कोण? त्यानं हरिसिंगचं एक काडतूस उचललं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

"वा! हत्यार असं ठेवावं!" तो किसनसिंगकडं वळला. "आणि ही काय घाण? आठ दिवसांत अशीच झाली पाहिजेत. नाहीतर बंदूक जमा."

"पर साहेब, अशानं बंदूक..."

"मला शिकवतोस?"

हरिसिंगच्या ओठांवर खरं आलं होतं. ते बोलला असता तर बंदूक गेली असती. चवताळलेल्या डुकरापुढं न हललेला हा माणूस रबरी शिक्क्यापुढं मात्र मान खाली घालून उभा राहिला. शिक्का बसला. 'बंदूक चालू.'

दोन तांड्यांत उडू शकणारी एकच बंदूक उरली होती. तिची काडतुसं घेऊन किसनसिंग मुकाट्यानं लिंबाखाली गेला. "चाचा, आतून-बाहेरून."

दिवस कलला तसा हरिसिंग गोमतीबाईजवळ आला. "घासलेटचा रिकामा डबा दे."

"कायले?"

"डुकरं हाकलाले."

"आन् बंदूक?"

तेव्हा तो चुलीपुढं उकिडवा बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला नीट सांगितलं. ठिणगी कुठून जाते, दारू कुठं असते, ते भोक कायचं. गोमतीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"एवढंच? हे तं फुंकणीवानीच हाये. परवा सांगतलं असतं तं?"

हरिसिंगनं डबा खांद्याला अडकवला. वाजवायला दांडकं शोधलं, मिळालं नाही. मग त्यानं खुंटीवरची रायफल काढली.

धुऱ्यावर उभं राहून तो सरकारमान्य नळीनं डबा बडवू लागला. डुकरं लांब जाऊन थांबली, वळून पाहू लागली. तेवढ्यात पलीकडच्या शेतातूनही डबा वाजू लागला. किसनसिंगचीही बंदूक चालू झाली होती.