सिंफनीची संहिता, पाच प्रतींत

सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीला महाड येथील सेवानिवृत्त भूगोल शिक्षिका चारुशीलाबाई यांच्या घरी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि त्यांचे यजमान शरदराव यांना त्यातली एकही ऐकू आली नाही. डाळ करपली. प्रकरणाची सुरुवात इथून झाली.

शरदरावांनी तीस वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंप्रेसरशेजारी काढली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत नळी घालून पाहिली आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत जे ऐकायचंय ते ऐकून घ्या." चारुशीलाबाईंना वाटलं, आता हे आपले चार शब्द ऐकतील. पण शरदरावांना ऐकायच्या होत्या सिंफन्या.

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं. कंपनीने सहा महिने जर्मनीला पाठवलं, तिथून लोक घड्याळं आणि अत्तरं आणतात. हे कॅसेटी घेऊन आले. बैठकीतल्या काचेच्या कपाटात त्या कालखंडानुसार लावलेल्या असत. वरच्या कप्प्यात बरोक, त्याखाली अभिजात, मग स्वच्छंदतावादी, आणि अगदी तळाला, जिथे वाळवी लागण्याचा संभव, तिथे आधुनिक.

"चारू," ते म्हणाले, "टेपवर आता माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. चारच गोष्टी, एकदाच, मोठ्या बॉक्सवर ऐकव. मग कान गेले तरी चालतील."

चार गोष्टी अशा. व्हिवाल्डीचे चार ऋतू. बीथोवनची पाचवी सिंफनी. शूबर्टची अपुरी सिंफनी. आणि केज नावाच्या अमेरिकन माणसाची एक आधुनिक रचना, जिच्यात वाजवणारा येऊन बसतो, साडेचार मिनिटं काहीही वाजवत नाही, आणि उठून जातो.

"ही मात्र मला दिवाळीनंतरही ऐकू येईल," शरदराव म्हणाले आणि एकटेच हसले.

मोठे बॉक्स बिरवाडीच्या हैबतीकडे होते. हा बाईंचा जुना विद्यार्थी. "बाई, भूगोलात तुम्ही मला दोनदा नापास केलंत, पण बॉक्स फुकट देतो," तो म्हणाला. "माझ्या बॉक्सवर मेलेला मानूस उठून विचारील, आवाज कमी करा म्हनून. पन घरात नाय लावता येनार. शेजारी तक्रार करतील. हॉल घ्या, कार्यक्रम म्हना, परवानगी काढा."

परवानगी म्हणजे कार्यक्रम पूर्वतपासणी कक्ष. तिथे मुकुल खांबेटे नावाचे तपासनीस बसत. माणूस सज्जन, मृदू बोलणारा, चहा विचारणारा. अशा माणसाकडून काम होत नाही हे बाईंना नोकरीच्या अनुभवावरून माहीत होतं.

खांबेट्यांनी अर्ज वाचला. "संहिता जोडलेली नाही, मॅडम."

"कसली संहिता?"

"रंगमंचावर जे होणार ते शब्दांत. पाच प्रती, टंकलिखित."

"अहो, पण यात शब्दच नाहीत."

"तीच तर काळजी आहे," खांबेटे म्हणाले. "शब्द असते तर त्यातले आक्षेपार्ह तेवढे काढता आले असते. शब्दच नाहीत म्हटल्यावर मी आक्षेप घ्यायचा कशावर?"

बाईंनी कॅसेटच ऐकवायची तयारी दाखवली. खांबेट्यांनी हात जोडले. कक्षाला वाचण्याचे अधिकार होते. ऐकण्याचे नव्हते.

बाई घरी आल्या. संगीतातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि शरदराव ऐकता ऐकता डोळे मिटत, सांगत काहीच नसत. शेवटी त्यांनी कामाला येणाऱ्या कुडपणच्या ठमाबाईला भांडी ठेवून टेपसमोर बसवलं. "ऐक, आणि काय होतंय ते सांग. मी लिहिते."

पाचवी सिंफनी सुरू झाली. ठमाबाई दचकली. "कोनतरी दार बडवताय गो, बाय!"

"मग?"

"परत बडवताय. घरात मानूस हाय, पर उघडीत नाय."

"का उघडत नाही?"

"मला इचारू नको, त्याला इचार. पर आता तो बी चिडलाय नि ह्यो बी चिडलाय."

बाईंनी हे शुद्ध भाषेत उतरवलं. चार ऋतूंत ठमाबाईला पेरणी, गारपीट आणि तापाने निजलेला माणूस दिसला. अपुऱ्या सिंफनीत एक बाई नदीकाठी उभी होती नि कुणीतरी यायचं होतं, ते आलं नाही. मौनाची कोरी कॅसेट साडेचार मिनिटं लक्ष देऊन ऐकल्यावर ठमाबाई म्हणाली, "दूध उतू गेला."

संहिता गेली. मार्चात चवदार तळ्यावरच्या मेळाव्याच्या तयारीत सगळी कचेरी गुंतली होती, म्हणून शेरे एप्रिलात आले. तोवर शरदरावांच्या कानांतून व्हायोलिनं गेली होती. त्यांनी ही बातमी कॅसेटच्या वेष्टणावर पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखेसह नोंदली.

शेरे सविस्तर होते. चार ऋतूंबाबत: शासनाच्या पाठ्यपुस्तकात ऋतू तीनच आहेत, सबब चौथा वगळावा अथवा तो कोणाच्या आदेशाने आला याचा खुलासा करावा. गारपीट ही नैसर्गिक आपत्ती असल्याने संबंधित खात्याचा ना-हरकत दाखला जोडावा. पाचवीबाबत: दार बडवणारी व्यक्ती शासकीय कर्मचारी आहे काय? असल्यास दार न उघडणे हे कामात अडथळा आणण्यासारखे आहे. तसेच रचनाकारास ऐकू येत नसे असे समजते, सबब ही रचना त्याने स्वतः तपासली होती याचा पुरावा द्यावा. अपुरीबाबत: एकशे पंच्याहत्तर वर्षे अपूर्ण राहिलेले काम पूर्ण करूनच सादर करावे.

मौनाबाबत मात्र खांबेट्यांनी बाईंना समक्ष बोलावलं. दार लावून घेतलं.

"हे मौन कुणाविरुद्ध आहे?"

"कुणाविरुद्ध नाही हो. नुसतं आहे."

"मॅडम, श्रद्धांजलीचं दोन मिनिटं असतं. हे साडेचार आहे. वरची अडीच मिनिटं कशासाठी? तेवढ्या वेळात माणूस विचार करू लागतो."

बाई घरी आल्या. शरदराव गॅलरीत बसले होते. "काय म्हणाले?" त्यांनी ओरडून विचारलं. आता ते सगळंच ओरडून विचारत. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'होतंय.' शरदरावांनी मान डोलावली. शाळेतल्या मुलांचा पाटीवर असे त्यापेक्षा त्यांचा जास्त विश्वास होता.

त्या आठवड्यात बाईंनी युरोपचं संगीत सुधारलं. वसंत ऋतू वगळला. गारपिटीच्या जागी समाधानकारक पाऊस घातला. पाचवीत पहिल्याच ठोक्याला दार उघडलं, पाहुण्यांना पाणी दिलं, त्यामुळे पुढच्या बत्तीस मिनिटांची गरजच उरली नाही. अपुऱ्या सिंफनीत नदीकाठच्या बाईकडे यायचा तो माणूस अखेर पनवेलहून एस.टी.ने आला आणि दोघांचं लग्न लागलं. ठमाबाई खूश झाली. "आता बरा झाला. त्या येड्याला सुचला नसता." मौन दोन मिनिटांवर आणलं आणि त्यातही मधे 'आभार' हा शब्द घातला.

ज्येष्ठात बासऱ्या गेल्या. आषाढात मोठ्या सनया. श्रावणात परवानगी आली: गोल शिक्का, लांब सही, आणि खाली तांबड्या शाईत एक ओळ. 'मंजूर संहितेबाहेरील काहीही सादर केल्यास ध्वनियंत्रणा जप्त करण्यात येईल.'

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग हैबतीला दाखवली.

"म्हंजे कॅसेट लावायची नाय?" हैबती म्हणाला.

"कॅसेटमध्ये काय संहिता आहे का?"

"नाय."

"मग ती संहितेबाहेरची झाली."

हैबतीने आपल्या बॉक्सांकडे पाहिलं. त्यावर त्याच्या घराचं पोट होतं. बाईंनाही ते दिसलं. त्यांनी चष्मा लावला आणि ठरलेल्या शनिवारी, दुपारी चार वाजता, भरल्या हॉलमध्ये पाश्चात्य संगीताचे चार कालखंड वाचून दाखवले.

हॉल खरोखर भरला होता. डॉक्टर, वकील, दोन मुख्याध्यापक, खुद्द खांबेटे. "व्हायोलिन क्रमांक एक ते बारा: पेरणी करतात," बाईंनी वाचलं आणि लोकांनी माना डोलावल्या. पाचवीला दार उघडलं तेव्हा टाळ्या पडल्या. लग्नाच्या वेळी मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. आभाराच्या वेळी एक वकील उठून म्हणाले, की बीथोवनबद्दल इतकी वर्षं ऐकून होतो, आज प्रत्यक्ष ऐकला, आणि मानलं. पहिल्या रांगेत शरदराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बॉक्सकडे बघत होते. बाईंचे ओठ हलताहेत एवढंच त्यांना कळत होतं. बॉक्समधून येणार होतं ते अजून आलेलं नव्हतं आणि ते वाट पाहत होते.

सहाला हॉल रिकामा झाला. शरदराव उठले नाहीत.

"संपलं?" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की हॉलच्या टोकाला वायरी गुंडाळणारा हैबती थांबला. त्याने वायर पुन्हा जोडली.

"बाई, द्या ती कॅसेट."

"अरे, जप्त करतील."

"परवानगी कार्यक्रमाला लागते. टेस्टिंगला कुठं लागते? बावीस वर्षं झाली धंद्याला, टेस्टिंगला कोनी अडवला नाय."

आणि पाचवी सिंफनी सुरू झाली. खिडकीच्या काचा वाजल्या. शरदराव खुर्चीतून उठले, बॉक्सपाशी गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे, मग छाती त्याला टेकवली. कानात काही येत नव्हतं. जे येत होतं ते लाकडातून येत होतं.

"बडवतायत गो!" केर काढायला थांबलेली ठमाबाई ओरडली. शरदराव हसत होते. चारुशीलाबाईंनी त्यांना असं हसताना पूर्वी पाहिलं असेल, पण नक्की कधी ते आठवेना.

छत्री विसरली म्हणून खांबेटे परत आले. दारातच उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे राहिले.

"हे काय आहे?"

"टेस्टिंग," हैबती म्हणाला.

"चांगलं आहे," खांबेटे मृदूपणे म्हणाले. "पण बरं झालं, कार्यक्रमात नव्हतं. लोकांचा विरस झाला असता." त्यांनी छत्री घेतली आणि बॅगेतून एक कागद काढून बाईंपुढे धरला. श्रोत्यांची यादी. कार्यक्रम संगीताचा होता आणि तो ऐकण्यात आला, असं प्रमाणित करणाऱ्या दोनशे अकरा सह्या. नियमाने दोनशे बारा लागत होत्या.

बाईंनी सही करायला नकार दिला. हैबती टेस्टिंगवर होता. ठमाबाईने अंगठा द्यायची तयारी दाखवली, पण ती खरोखर ऐकत असल्याने अपात्र ठरली.

ती जागा अजून रिकामी आहे. तुम्ही आताच पाश्चात्य संगीताचे चारही कालखंड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेत, एक सूरही कानावर न पडता, आणि समजल्यासारखं वाटलं. सही इथे करा.