सासूबाईंची सावली आणि आमचा पाया

घर बांधायला काढलंय का? मग एक वीट हलवायच्या आधी माझ्याकडे या! कॉफी घ्या, बसा, वही काढा. आमच्या डोल्नी ब्रेस्ट गावात घरबांधणीतला माझ्याएवढा जाणकार दुसरा नाही. गाव बल्गेरियाच्या नकाशावर भिंग लावून शोधावं लागतं ही गोष्ट वेगळी. मी स्पास. एकतीस वर्षं हवामान केंद्रावर नोकरी केली. पाऊस मोजला, बर्फ मोजलं, वारा मोजला. न मोजता मी कॉफीत साखरसुद्धा टाकत नाही!

निवृत्त झालो त्याच दिवशी बायकोला म्हटलं, "रुमेना, आता घर बांधणार. असं बांधणार, की लोक सल्ला विचारायला रांग लावतील!"

"आधी नळ गळतोय तो बघ," रुमेना म्हणाली.

ती गावच्या दवाखान्यात नर्स. दवाखान्याच्याच वरच्या दोन खोल्यांत आम्ही वीस वर्षं काढली. नळ खरंच गळत होता. पण मोठं काम डोक्यात असलेल्या माणसानं नळाकडे बघू नये.

तर पहिला सल्ला. जागा घेतली की जोराचा पाऊस पडेपर्यंत काही करू नका. छत्री घ्या आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं ते उभं राहून बघा. दुसरा सल्ला, पाया चांगला कमरेएवढा खोल घ्या, नाहीतर थंडीत जमीन गोठते, फुगते, आणि वसंतात भिंतीला तडे जातात. तिसरा सल्ला गवंड्याबद्दल. आमचा गवंडी किर्चो. हात सोन्याचा, पण तोंडाला दार नाही! पायाचा चर खणून झाल्यावर मला म्हणाला, "स्पास, कोंबडा कधी आणतोस?"

"कशाला?"

"म्हणजे काय? पायात कोंबडा कापायचा, रक्त चार कोपऱ्यांना द्यायचं, मग त्याचं सूप करून आपण खायचं. घराला काहीतरी द्यावं लागतं रे!"

"माझं घर सिमेंटवर उभं राहणार, कोंबडीवर नाही!" मी छाती फुगवून म्हटलं. केंद्रावरचा शास्त्रीय माणूस ना मी!

किर्चोनं खांदे उडवले आणि जेवायला गेला. मार्चचा शेवट होता, वर स्वच्छ ऊन. मला दक्षिणेच्या खिडकीवर वळचण किती पुढे काढायची ते ठरवायचं होतं. उन्हाळ्यात ऊन बाहेर राहावं आणि थंडीत आत यावं, हे सगळं वळचणीवर असतं. हे लिहून ठेवा, कामाचं आहे! त्यासाठी भरदुपारी कुठल्यातरी उभ्या वस्तूची सावली मोजायची. मी काठी शोधत होतो, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्सानाबाई, रुमेनाची आई. सासरे गेल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहायच्या. फडक्यात बांधून बनित्सा, आमची चीज भरलेली पापुद्र्यांची रोटी, घेऊन आल्या होत्या, अजून वाफ निघत होती.

"आई, जरा इथे उभ्या राहा. तिकडे तोंड करा. हलू नका."

"फोटो काढतोस का?"

"तसंच समजा."

"मग पाठीचा कशाला?"

मी किर्चोची लाल दोरी घेतली, त्यांच्या टाचेपासून डोक्यावरच्या रुमालाच्या सावलीपर्यंत ताणली, तेवढा तुकडा कापला, वहीत आकडेमोड केली. बनित्सा खाल्ली. दोरीचं काम झालं होतं. कचरा इकडेतिकडे टाकायची मला सवय नाही, म्हणून तुकडा गुंडाळून चराच्या कोपऱ्यात टाकला. दुपारी काँक्रीटची गाडी आली आणि तासाभरात पाया भरला. मी खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी किर्चो दोरी हातात धरून उभा. "स्पास, माझी नवीकोरी दोरी आखूड कशी झाली?"

"थोडी कापली. सासूबाईंची सावली मोजायला."

"आणि तुकडा?"

"टाकला पायात. त्या तिथे, कोपऱ्यात."

किर्चोच्या हातातली दोरी गळून पडली. त्यानं तीनदा छातीवर क्रूस काढला.

"अरे, काय करून बसलास! सावली मोजून दोरी पायात घातली? माझ्या पणजोबांच्या काळी गवंडी असं करायचे. ज्याची सावली घातली, तो चाळीस दिवसांत जायचा आणि घराचा राखणदार होऊन बसायचा. पण ते रस्त्यानं जाणाऱ्या परक्याला धरायचे रे! तू घरचं माणूस घातलंस?"

"किर्चो, आपण कुठल्या शतकात राहतो?"

"म्हणून तर कोंबडा आण म्हणत होतो! कोंबडा दिला असतास, तर घरानं दुसरं काही मागितलं नसतं!"

मी त्याला शपथ घातली, की हे कुठे बोलायचं नाही. त्यानं शपथ घेतली आणि तो गुत्त्यात जेवायला गेला. दुपारी चारला मी पाव आणायला निघालो, तर रस्त्यावरच्या बायका पटापट भिंतीच्या आडोशाला! माझ्यासमोर कुणी आपली सावली पडू देईना. बेकरीवाला पाव देताना दुकानातला दिवा मालवून बसला. आणि फाटकाशी बसलेला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कोंबडा वाचवला आणि सासू पुरली!"

मी तसाच सासूबाईंकडे धावलो. त्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. काळा स्कर्ट, काळा ब्लाउज, नवे मोजे. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका हा जोड पेटीत तयार ठेवतात, शेवटच्या दिवसासाठी.

"आई, हा सगळा मूर्खपणा आहे!"

"असेल," त्या म्हणाल्या. "बाजूला हो, स्कर्टवर ऊन येऊ दे."

रडारड नाही, शिव्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्ची घेऊन बांधकामावर यायला लागल्या.

"हाच ना माझा कोपरा?"

"कोपरा आपल्या सगळ्यांचाच आहे, आई."

"माझा. डांबराचे थर किती लावलेत?"

"एक."

"तीन लाव. मला संधिवात आहे, ओल सोसत नाही. तुमचं काय, तुम्ही वर राहणार!"

किर्चोनं तीन थर लावले. मी मालक, पण तो माझं ऐकेना! म्हणाला, राखणदाराच्या शब्दाबाहेर जायचं नसतं. मग काय विचारता! "हे पन्हळ रस्त्याकडे काढ, नाहीतर शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी जाईल." "स्वयंपाकघरातून अंगणात दार हवं, का अंगणात भाजलेल्या मिरच्या बैठकीतून आणणार?" "ही पायरी उंच आहे जावईबापू, बर्फात पडून पाय मोडाल, आणि मी खालून बघत बसू?" खरं सांगतो, त्यांचा एकही सल्ला चुकला नाही. तळघराच्या दाराकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "कोबी आंबवायचं पिंप कसं नेणार आत?" मी मोजलं. दार पिंपापेक्षा चार बोटं अरुंद! एकतीस वर्षं मोजमाप करणाऱ्या माणसाचं!

इथपर्यंत मी हसून नेत होतो. गुत्त्यात कुणी टोमणा मारला की म्हणायचो, असा बिनपगारी मुकादम तुम्हाला तरी मिळेल का?

मग तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी रुमेना दवाखान्यातून आली आणि कोट न काढताच बसली.

"रोज आईचा रक्तदाब बघते. माझ्यापेक्षा चांगला आहे. पण ती जेवत नाही, स्पास. दोन घास खाते आणि ताट सारते. काल कोंबड्या वाटून टाकल्या. रजया वाटल्या. मी ओरडले, तर म्हणते, आता मला काय करायच्यात?"

"अगं, दोरीच्या तुकड्यानं कुणी मरतं का!"

"दोरीनं नाही मरत. न जेवता मरतात. मी बघितलेत दवाखान्यात." आणि मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या आईला काही झालं, तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. तू राहा एकटा."

रुमेना चिडली की भांडी आपटते. हळू बोलली की मला घाम फुटतो.

मी घण उचलला. दोन दिवस कोपरा फोडला. हाताला फोड, पाठीचा पार भुगा, आणि दोरीचा एक धागा सापडेना! पाया मी इतका पक्का करून घेतला होता, की माझं मलाच रडू आलं. किर्चो ओरडत होता, "अजून एक हात फोडलास तर अख्खा पाया नव्यानं घालावा लागेल!" तिसऱ्या दिवशी पाठीमागून आवाज आला.

"माझा कोपरा कोण फोडतंय?"

मी घण खाली ठेवला.

एकोणचाळिसाव्या दिवशी सासूबाईंची खुर्ची आलीच नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. किर्चोचंही कामात लक्ष नव्हतं. शेवटी मी गेलो. त्या खिडकीजवळच्या पलंगावर पडून होत्या. गालफडं बसली होती. छताला ओलीचे मोठमोठे डाग होते, आणि वीस वर्षांत मला ते पहिल्यांदा दिसले. टेबलावर सूप तसंच होतं, वर साय धरलेलं.

"आई, खरं सांगा. भीती वाटते का?"

"मरायची? नाही रे. म्हातारी आहे मी, मूर्ख नाही." मग टेबलाकडे बोट केलं. "नाताळात तू नकाशा आणला होतास. ह्याच टेबलावर पसरला होतास. किती कौतुकानं दाखवत होतास! ही बैठक, ही झोपायची खोली, ही तुझ्या हत्यारांची खोली. हे कोबीचं पिंप, हे दारूचं पिंप. तुम्ही दोघं कॉफी करायला गेलात, तेव्हा मी सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. दोन पिंपांना जागा होती, स्पास."

मी सूप त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते परत मागे सारलं.

"मग किर्चोनं सांगितलं, तुमची सावली पायात गेली. शेजारणी रडायला लागल्या. मी म्हटलं, चला! माणूस म्हणून नाही तर राखणदार म्हणून, लेकीच्या घरात जागा तर मिळाली."

मला लाज वाटली हो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी त्यांना मुद्दाम वगळलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. माझ्या मनातच आलं नव्हतं! रुमेनानं दोनदा विषय काढला होता, आणि मी म्हटलं होतं, बघू नंतर, आधी छप्पर तर होऊ दे.

"पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू मोजणारा माणूस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मोजून झालं असेल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी किर्चोच्या दारात. "ऊठ! खुंट्या घे, दोरी घे. त्या कोपऱ्याला लागून एक खोली आखायची आहे. आजच." किर्चो चुना घेऊन निघाला. आणि हो, वाटेत मी एक कोंबडा घेतला. हसा, खुशाल हसा! पहिलं रक्त किर्चोनं त्या कोपऱ्याला दिलं, मग बाकीच्या कोपऱ्यांना. रुमेनानं तिथेच तीन दगडांवर पातेलं चढवलं.

अकरा वाजता आम्ही सासूबाईंना गाडीत घालून आणलं. काळा जोड अंगावर चढवूनच आल्या होत्या. चाळिसावा दिवस ना! रुमेनाच्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या. समोर नुसतं गवत, चार खुंट्या आणि दोरी.

"हे काय?"

"तुमची खोली."

त्या बघत राहिल्या. "खिडक्या?"

"दोन. एक पूर्वेला, एक रस्त्याकडे."

"स्टोव्ह?"

"त्या भिंतीला."

"दार?"

"तुमचं स्वतंत्र. इथे, चुन्याची रेघ जिथे तुटलीय तिथे."

"आणि तुझ्या हत्यारांचं काय?"

"जातील तळघरात. पिंपांच्या बाजूला."

त्यांनी रुमालानं नाक पुसलं. मग खुर्ची मागवली, दाराच्या जागेतून आत गेल्या आणि बरोबर खिडकीपाशी बसल्या. रुमेना पाठ फिरवून पातेलं ढवळत होती. कितीतरी वेळ ढवळत होती. किर्चो टोपी हातात घेऊन उभा होता, म्हणाला डोळ्यात चुना गेलाय.

मी दोन वाडगे सूप वाढून घेतलं, एक त्यांचं, एक माझं, आणि दोरी ओलांडून आत गेलो.

"कुठून आलास?"

"इथून."

"ती भिंत आहे."

मी परत दोरी ओलांडली, वळसा घालून रेघ तुटली होती तिथून आत गेलो. दोन्ही वाडगे त्यांच्यासमोर फळकुटावर ठेवले. त्यांनी एक चमचा घेतला. चव बघितली. दुसरा घेतला. मग पाव तोडून सुपात बुडवला. मी बघतच राहिलो.

"असा काय उभा राहिलास? मीठ कमी आहे, रुमेनाला सांग. आणि जाताना दार लावून घे, वारा येतोय. पुढच्या वेळी ठोठावून ये."

मी बाहेर आलो आणि हवेत हात घालून दार ओढून घेतलं. नीट, आवाज न करता. आतून चमचा वाजत होता, आणि माझा वाडगाही आतच राहिला होता. ठोठावावं असं एकदा मनात आलं, भूक तर सपाटून लागली होती. पण त्या जेवत होत्या. म्हटलं, जेवू दे.