पारखून आणलेला तवा

"आणतो" एवढंच म्हणून सावळाराम टेंगले दौंडच्या बाजारात गेला असता आणि एक तवा घेऊन परत आला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो म्हणाला, "बघून आणतो." आणि सावळारामचं बघणं म्हणजे काय, हे माहीत नाही असा एकही भाजीवाला केडगावात उरला नव्हता.

सावळाराम भांडगावजवळच्या एका कंपनीत क्यू.सी.त होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं ते खातं. (हेच काम गावात कितीतरी लोक पारावर बसून फुकट करतात, पण त्यांना युनिफॉर्म मिळत नाही.) लोखंडी रिंग हातात आली की तो ती वाजवायचा, उजेडात धरायचा, व्हर्नियर लावून जाडी मोजायचा आणि मगच तिच्यावर मशीनने 'ओके' कोरायचा. ही सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. नारळ घेताना तो इतके प्रश्न विचारायचा, की नारळवाल्यालाच आपल्या मालाबद्दल शंका यायला लागायची.

तवा हवा होता त्याच्या बायकोला, अंजनाला, आणि तोही नणंदेपायी. सावळारामची थोरली बहीण कुशाबाई खुटबावला दिलेली. माहेरी आली की तिला पहिल्या ताटात गुळवणी आणि धिरडं लागायचं, आणि अंजनाचं धिरडं तव्यावरून कधी अख्खं निघत नव्हतं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूचा बिडाचा जाड तवा शेजारी थोरल्या जावेकडे, साखरबाईकडे गेला आणि अंजनाच्या वाट्याला जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पातळ तवा आला. त्यावर पीठ पडलं, की सोडवता सोडवता त्याच्या चिंध्या व्हायच्या. ते तुकडे ताटात गोळा करत कुशाबाई म्हणायची, "अंजनाकडं बरं असतंय बाई. दात नसलं तरी चालतंय, सगळं मोडूनच वाढती."

अंजना हसायची. मग कुशाबाईची एसटी गेली, की भांडी जरा जोरात घासायची. या खेपेला मात्र ती नवऱ्याला स्पष्टच म्हणाली, "माझ्या हाताला चव न्हाई आन् वळण न्हाई, आसं वन्सं साऱ्या खुटबावात सांगत्यात. मला एक धिरडं त्यांच्या ताटात अख्खं वाढायचंय. येवढंच."

कुशाबाई येणार होती गुरुवारी, सावळारामच्या सुट्टीच्या दिवशी. टीव्हीवर तेव्हा न चिकटणाऱ्या तव्याची जाहिरात लागायची. तीत एक बाई तवा नुसता तिरका करायची आणि डोसा आपल्या पायाने ताटात जायचा. अंजना म्हणाली, "तसला आणा. लई महागाचा नको, पर टिकला पायजे. आन् त्याच्यावर नाव टाका. न्हाईतर कुणाच्या तरी लग्नात गेला की गेलाच."

शनिवारी पहिली शिफ्ट करून सावळाराम पॅसेंजरने दौंडला गेला. खिशात व्हर्नियर होतं.

रखमाजींचं भांड्यांचं दुकान बाजारात जुनं. सावळारामने आधी सगळ्या कढया वाजवून घेतल्या, मग पातेली, मग स्टीलचे डबे. रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा आरती चाललीय समजून हात जोडून पुढे गेला. मग तव्यांची पाळी आली. एक पातळ निघाला, एक टेबलावर ठेवला की डुगडुगत होता, एक सगळ्या कसोट्यांना उतरला पण त्याची किंमत ऐकून सावळारामने तो स्वतःच खाली ठेवला. शेवटी एक मधल्या किमतीचा, बाहेरून लाल आणि आतून काळाभोर तवा त्याच्या मनात भरला.

"ह्याला काय चिकटत न्हाई?"

"कायच न्हाई," रखमाजी म्हणाले.

"पीठ?"

"न्हाई."

"गूळ सांडला तर?"

"पुसून घ्यायचा. निघतोय."

"मग हे काळं तव्याला कसं चिकटलं?"

रखमाजींनी तवा हातात घेतला. सुलटा पाहिला, उलटा पाहिला. इतके तवे विकले, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"चिकटवलं आसंल."

"कशानं?"

"त्यांच्या कारखान्यात कशानं तरी."

"पर त्याला तर कायच चिकटत न्हाई म्हंता."

कुकरची रिंग घ्यायला आलेली एक बाई रिंग विसरून जवळ आली. "खरंच की वो शेठ," ती म्हणाली. "आसं कसं?"

रखमाजींना घाम फुटला. "ते ऱ्हाऊ द्या. एक मातूर ध्यानात ठेवा, आतल्या अंगाला—"

"आतल्या अंगाला थर किती जाडीचा हाय?"

"ते न्हाई सांगता येत. पर आतून कवाच—"

"आन् गॅसवर तापला तर वास येतोय का?"

तिसऱ्यांदा रखमाजींनी तोंड उघडलंच नाही. तवा कागदात गुंडाळला आणि "नाव टाकू का?" एवढंच विचारलं. सावळारामने दुकानातल्या एका हंड्यावरची अक्षरं निरखून पाहिली. ती एका ओळीत नव्हती. "ऱ्हाऊ द्या, नाव मी कंपनीत टाकतो," तो म्हणाला. रखमाजींनी दोन्ही हात जोडले. (सावळारामने तो नमस्कार समजून परत केला.)

सोमवारी तवा पिशवीतून कंपनीत गेला. तो प्रश्न सावळारामला काही केल्या सोडत नव्हता. लेथवरचा शंभू म्हणाला, "आधी काळं लावत्यात, वाळलं की मग त्याला न चिकटायचं औषध मारत्यात." सुपरवायझर म्हणाले, "टेंगले, डिस्पॅच बघा." शेवटी पॅकिंगमधला बिहारी पोऱ्या डबा खाता खाता म्हणाला, "खुरच के देखो भैया, पता चल जाएगा."

सावळारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नावही टाकायचं होतं आणि काळं किती घट्ट बसलंय तेही बघायचं होतं. दोन्ही कामांना मशीन एकच!

आता नाव कुठे टाकायचं? बाहेर लाल रंग, तो पुसट होणार. बूड जळणार. मूठ प्लास्टिकची. स्वच्छ, सपाट आणि कायम डोळ्यांसमोर राहणारी जागा तव्यात एकच होती, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं पाटीवरच्या खडूसारखी उठून दिसली असती. सावळारामने रिंगांवर नंबर कोरायचं मशीन चालू केलं आणि तव्याच्या पोटात, बरोबर मधोमध, ओळी धरून कोरलं: 'सौ. अंजना सावळाराम टेंगले, मु. पो. केडगाव, ता. दौंड, जि. पुणे.' काळ्याचा भुगा त्याने बोटावर घेऊन पाहिला, हुंगला आणि मान हलवली. मग सवयीने खाली 'ओके' कोरून त्याभोवती गोल केला.

घरी अंजनाने तवा पिशवीतून काढला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. हंड्यावर सासऱ्यांचं, भैरू म्हाळू टेंगले. परातीवर दिराचं. एक पातेलं तर कुठल्याशा लग्नातून अदलाबदल होऊन आलेलं, त्यावर भांडगावच्या कुणा अनोळखी पार्वतीबाईचं नाव. अंजनाचं नाव कशावरच नव्हतं. आता पहिल्यांदाच होतं, आणि तेही वळणदार अक्षरात. तिला मनापासून आनंद झाला. तिने तवा पदराने पुसला आणि गुरुवारपर्यंत फळीवर, दारातून दिसेल असा उभा करून ठेवला.

गुरुवारी कुशाबाई आली. हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली. गुळवणी उकळत होतं. अंजनाने तवा गॅसवर चढवला, तूप सोडलं, पीठ पसरलं, झाकण ठेवलं. सावळाराम दाराला टेकून उभा राहिला. झाकण काढलं आणि काय सांगावं, धिरड्याच्या कडा आपोआप सुटल्या! अंजनाने लाकडी उलथनं आत सरकवलं. ते अर्ध्या वाटेवर थांबलं. तिने दुसऱ्या बाजूने घातलं. तिथूनही थांबलं. जरा जोर केला तेव्हा धिरडं सुटलं, पण मधला भाग तव्यातच राहिला.

कुशाबाईने ताटातलं धिरडं बोटाने उचलून धरलं आणि त्याच्या भोकातून भावजयीकडे पाहिलं. "अंजना, ही चुंबळ डोक्यावर घिऊ का खाऊ?"

दुसरं धिरडं तसंच झालं. तिसऱ्याला अंजनाचे डोळे भरून आले. सावळाराम घाईघाईने म्हणाला, "पयला लॉट रिजेक्टच जातोय. तवा सेट झाला की—"

"सरक," कुशाबाई म्हणाली आणि उठून तव्यात डोकावली. गावातल्या साक्षरतेच्या वर्गात ती नुकतीच वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची. अडकलेलं पीठ खरवडत ती वाचू लागली, "सौ... अंज...ना... साव... हे काय रं? मुक्काम पोस्ट? सावळ्या, तवा पोस्टात टाकायचा व्हता का?"

"नाव टाकलंय, आक्का. हरवू नये म्हनून."

"आन् हे वाटोळं काय?"

"ते ओके हाय," सावळाराम बारीक आवाजात म्हणाला.

एवढा गलका ऐकून साखरबाई शेजारून आली. तिने तवा पाहिला, अंजनाचा चेहरा पाहिला, तशीच परत गेली आणि सासूचा बिडाचा तवा दोन्ही हातांनी धरून घेऊन आली. "हा घे गं," ती म्हणाली.

अंजनाने नाक ओढत पीठ पसरलं. या वेळी उलथनं एका कडेने शिरलं आणि दुसऱ्या कडेने बाहेर आलं. जाळीदार, अख्खं, वाटोळं धिरडं कुशाबाईच्या ताटात उतरलं. कुशाबाईने ते उलटंपालटं करून पाहिलं, घास गुळवणीत बुडवून खाल्ला आणि लगेच दुसरा मोडला.

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या हातात खोट न्हवतीच गं. तव्याची खोट मी तुझ्या नावावर मांडली. चुकलं माझं." आणि लगेच साखरबाईकडे वळली. "पर काय गं, चांगला तवा तू घेतलास आन् ह्या गरिबाला पत्रा दिलास?"

"मी न्हाई घेतला!" साखरबाई उसळली. "दोन्ही तवे मी भावजींच्याच म्होरं ठेवले व्हते. म्हनलं, तुम्ही पारखी, तुम्ही निवडा. त्यांनी वाजवले, उचलून बघितले, आन् मलाच सांगितलं की जड माल जुन्या लोकांचा असतोय, हलका माल नव्या पद्धतीचा. बिडाचा मला दिला आन् जर्मलचा काखंत मारून घिऊन गेले!"

अंजना उलथनं घेऊन नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही निवडला व्हता?" अंजनाने विचारलं.

"लवकर तापतोय," सावळाराम म्हणाला. "गॅस वाचतोय."

कुशाबाई हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पदराने डोळे पुसताना तिला भावाची थोडी दया आली. "जाऊ दे गं अंजना," ती म्हणाली. "माझ्या भावानं जन्मात पारखून एकच वस्तू धड निवडली, ती तू."

अंजनाने पुढचं धिरडं अलगद उलटलं.

"मला कुठं ह्यांनी निवडली, वन्सं?" ती म्हणाली. "बघायला मामंजी आल्ते. ह्यांना त्या दिशी सुट्टी मिळाली न्हवती."